मातीला आलेली माणसं

चैत्र सरत आला की आमच्याकडची शेतं चकाकायला लागतात. उन्हाळी मिरचीसाठी बेड पाडायचे, त्यावर ठिबकच्या नळ्या अंथरायच्या आणि वरून मल्चिंगचा कागद ओढायचा. कागद आपलं म्हणायला. असतं ते प्लॅस्टिक, वरून चंदेरी आणि खालून काळं. पिंपळगाव रेणुकाईच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना नुसता लखलखाट. दुपारी तिकडं बघवत नाही. जिथं कड मातीनं नीट दाबलेली नसते तिथं वारा शिरतो आणि कागद फडफडतो. थोडा वेळ गप्प राहतो, पुन्हा फडफडतो.

परवा आमच्या रानात बाया रोपं लावत होत्या. ट्रेमधून रोप उचलायचं, भोकात बोट घालायचं, रोप दाबायचं, पुढं सरकायचं. त्यांच्यातल्या एकीला खोकला लागला. साधाच, धुळीचा. दुसरी म्हणाली, "लांब हो गं, पाटील बघून राह्यले. आत्ता पत्रे ठोकतेल तुझ्या दाराला." सगळ्या हसल्या. मीही हसलो. पाच वर्षांत तेवढं शिकलो आहे, कुठं हसायचं ते.

मी आमच्या गावचा पोलीस पाटील. हे पद म्हणजे काय, ते शहरातल्या माणसाला सांगावं लागतं. मी पोलीस नाही, निवडून आलेलाही नाही. गावात राहणारा, गावातच शेती करणारा एक माणूस. गावात मारामारी झाली, विहिरीत कोणी सापडलं, साथ आली, तर मी तालुक्याला कळवायचं. तालुक्यानं काही सांगितलं तर मी गावाला सांगायचं. दोन्हीकडचा शब्द माझ्या तोंडातून जातो. तालुक्याला वाटतं हा आपला, गावाला वाटतं हा आपला. बऱ्या दिवसांत दोघांचंही खरं असतं.

साथीच्या पहिल्या उन्हाळ्यात मी मारुतीच्या देवळातल्या माइकवरून रोज सूचना वाचायचो. सकाळी आलेली सूचना दुपारी बदलायची. दुकानं उघडी, दुकानं बंद. तोंड बांधायची गरज नाही, तोंड बांधलंच पाहिजे. मी दोन्ही तितक्याच ठाम आवाजात वाचायचो. पारावर बसलेले म्हातारे पहिल्या आठवड्यात कान देऊन ऐकायचे. पुढच्या आठवड्यात माझा आवाज सुरू झाला की तंबाखू मळायला घ्यायचे. एक जण म्हणाला होता, "पाटील, संध्याकाळचं एकदाच वाचत जा. सकाळचं तसंबी खोटं ठरतं." तेव्हा मला ती थट्टा वाटली.

मग आश्रुबाचं झालं.

आश्रुबाचा मुलगा आणि सून पुण्याहून परतले होते आणि मुलाला ताप होता. कळवायचा नियम होता, मी कळवलं. दुपारी दोन गाड्या आल्या, सायरन वाजवत. पांढऱ्या पोशाखातली माणसं उतरली. कपाशीवर मारतो तसला पाठीवरचा पंप घेऊन त्यांनी आश्रुबाच्या दारावर, ओट्यावर आणि मग त्याच्या बायकोच्या, गयाबाईच्या, लुगड्यावरसुद्धा फवारा मारला. ती डोळे मिटून उभी राहिली. गल्लीतले लोक माळवदावर चढून मोबाइलवर हे सगळं टिपत होते. गाडीत चढताना आश्रुबानं मला विचारलं, "म्हशींचं काय?"

त्याच्याकडं दोन म्हशी होत्या. एक नुकतीच व्यालेली.

"जा तू. दोन दिवसांत परत येताल, वरूनच सांगितलंय तसं. म्हशींकडं मी बघतो," मी म्हणालो.

दोन दिवस हे मला खरोखरच वरून सांगितलं होतं. म्हशींचं मात्र मी माझ्या मनानं म्हणालो.

त्यांना सतरा दिवस ठेवलं. गल्लीच्या तोंडाला पत्रे ठोकले. आत राहिलेल्यांना दूध-किराणा दारात मिळेल असं मी माइकवरून वाचलं होतं; एकदा आला, नंतर आला नाही. पहिल्या दिवशी सूर्य मावळताना मी बादली घेऊन पत्र्यापर्यंत गेलो. तिथं चार-पाच जण उभे होते. त्यांतला एक म्हणाला, "तिकडं गेलात तर परत इकडं येऊ नका, पाटील. तुमच्या घरी म्हातारी आहे." मी थांबलो. आईचं नाव निघालं म्हणून थांबलो असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मलाही भीती वाटत होती आणि कोणीतरी अडवावं याचीच मी वाट बघत होतो.

न पिळलेल्या म्हशीचा आवाज ज्यानं ऐकला नाही त्याला सांगून कळणार नाही. कास दगडासारखी होते. वगारू वेगळ्या दाव्याला बांधलेलं, त्याला आईपर्यंत पोचता येत नव्हतं. वैशाखातलं ऊन, हौदात पाणी नाही. तीन दिवस सगळं गाव ते ओरडणं ऐकत होतं. लोक जेवत होते, टीव्ही मोठा लावत होते. चौथ्या दिवशी एक म्हैस दावं तोडून रानात निघून गेली. वगारू मेलं. त्यानंतर गल्लीत अडकलेल्यांतलं कोणीतरी भीत भीत पाणी पाजायला गेलं, म्हणून व्यालेली म्हैस वाचली, पण तिची दोन सडं कायमची गेली. तपासणीत आश्रुबाच्या घरात मुलाखेरीज कोणाला काही निघालं नव्हतं.

परत आल्यावर आश्रुबा माझ्या दारात आला. तो ओरडेल म्हणून मी तयारीत होतो. तो म्हणाला, "पाटील, तुम्ही दोन दिवस म्हणल्ते." एवढंच बोलून गेला.

पत्र्यापाशी मला अडवणाऱ्यांनीही यातून एकच गोष्ट घेतली. पाटलाला कळू द्यायचं नाही. त्या दिवसापासून मी गल्लीतून जाऊ लागलो की बोलणं थांबायचं. आशाताई दारोदार विचारत फिरायच्या, कोणाला ताप? ओट्यावरची बाई म्हणायची, न्हाई. आणि तिच्या मागून, आतल्या खोलीतून, उशीत तोंड खुपसून खोकल्याचा आवाज यायचा. कोणी आजारी पडलं तर झोळीवाला डॉक्टर शेताच्या वाटेनं यायचा. हापशावर माझ्या आईची घागर दिसली की बाया आपल्या घागरी बाजूला ओढून घ्यायच्या. पाहुण्यांना सांगायचे, आमच्या गावात काही नाही, बिलकुल काही नाही. वर्षभर मला कोणी "या पाटील, चहा घ्या" म्हणालं नाही.

इथं मला प्रामाणिकपणे लिहिलं पाहिजे. तालुक्याचा साहेब फोनवर वाटेल ते बोलायचा, ते मी खाली मान घालून ऐकून घेतलं. ते सोसता येत होतं. चहाला कोणी बोलवत नाही हे सोसलं नाही. पन्नाशीकडं झुकलेला बाप्या माणूस, आणि रोज पारावरून जाताना माझे कान कोणी हाक मारतंय का यासाठी टवकारलेले असायचे.

दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा आला. निंबाला मोहोर आला होता, सगळ्या गावात तो कडवट गोड वास भरून होता. सखाराम बापू वारले. बापू म्हणजे गावातला मोठा मान. त्यांच्या शब्दावर वाटण्या झाल्या होत्या, सोयरिकी जुळल्या होत्या. त्यांचा मुलगा विष्णू सकाळी मला घ्यायला आला. ओट्यावर बसवलं आणि समोर उकिडवा बसून म्हणाला, "पहाटं गेले. अटॅक आला."

मी त्याच्याकडं बघितलं. चार दिवसांपूर्वी मी बापूंना याच ओट्यावर पाहिलं होतं. चौकट दोन्ही हातांनी धरून ते श्वास ओढत होते. दोन शब्द बोलले की थांबत होते. मी पाहिलं हे विष्णूलाही माहीत होतं.

"अटॅक," मी म्हणालो.

"हां. आता पाहुणे फोन करतेल. पयले तुम्हालाच इचारतेल. तुम्ही म्हणले की झालं. न्हाईतर प्लॅस्टिकात घालून नेतेल, पाटील. बापाच्या तोंडात मला पाणीबी घालू द्यायचे न्हाईत." त्याचे डोळे कोरडे होते. "आश्रुबाचं झालं ते आमचं होऊ देऊ नका."

घरात मढं होतं, चूल पेटणार नव्हती. तरी शेजारच्या घरातून माझ्यासाठी चहा आला. बशीत ओतलेला, आल्याचा. वर्षभरानं गावानं मला चहा दिला होता. तो प्यायलो, बशी खाली ठेवली आणि म्हणालो, "अटॅकच. मी तसं कळवतो."

मी तसं कळवलं. तिकडून कोणी काही विचारलं नाही. त्यांनाही तेच ऐकायचं असावं.

बापूंचा सख्खा भाचा म्हणजे माझे दाजी, माझ्या धाकट्या बहिणीचे, कुसुमचे, मालक. भोकरदनला त्यांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या पंपाच्या मोटारी आणून द्यायच्या, दाजींनी तांब्याची तार एकेक वेढा मोजत भरायची. हाताला कायम वॉर्निशचा वास. जेवायला बसले तरी यायचा. माणूस बोलायला गमत्या, पण कामात वेढा चुकला तर सगळी मोटार उकलून पुन्हा भरणारा. त्यांचा फोन आला.

"काय पाटील, खरं काय ते सांगा बुवा. टीव्हीवाला एक सांगतो, दवाखान्यावाला एक सांगतो, कोणाचं खरं धरावं. इकडं भोकरदनला रोज कोणी न् कोणी जाऊन राह्यलं. मामाला काय झाल्तं?"

"अटॅक."

"बराबर ना? न्हाईतर मी इथूनच हात जोडतो. मला शुगर आहे, तुम्हाला माहीत आहे."

"बिलकुल या. तुम्ही भाचे. तुम्ही आले न्हाईत तर लोक काय म्हणतेल."

"मंग येतो. तुम्ही म्हणले म्हंजे विषय संपला."

पाटलाचे सख्खे दाजी आले नाहीत, तर पाटलाला काय माहीत आहे ते सगळ्या गावाला समजलं असतं. म्हणून मी त्यांना बोलावलं. हे वाक्य मी या पाच वर्षांत पुष्कळदा वेगळ्या शब्दांत मांडून बघितलं. वेगळे शब्द मिळत नाहीत.

मातीला मोजकीच माणसं असावीत असा नियम होता. आमच्याकडं मातीला जाणं टाळता येत नाही. लग्नाला नाही गेलं तर चालतं. पंचक्रोशीतून माणसं आली. दारात बापूंना आंघोळ घातली. बायांनी तोंडावरून हात फिरवले, गळ्यात पडून रडल्या. एकेकानं तोंडात पाणी घातलं. माझ्या सदऱ्याच्या खिशात धुतलेला मोठा रुमाल होता. आलेला प्रत्येक जण आधी बापूंकडं बघायचा आणि मग माझ्या तोंडाकडं. मी रुमाल बांधलेला नाही हे बघितलं की आपला गमछा खाली ओढायचा. हे मला दिसत होतं. गर्दीत उभा राहून मी तोंडं उघडी पडताना बघत होतो. मी रुमालाला हात लावला असता तरी पुरलं असतं.

फक्त आश्रुबा आला नाही. तो आपल्या ओट्यावर तोंडाला टॉवेल बांधून बसला होता. तिरडी त्याच्या दारावरून गेली तेव्हा त्यानं बसल्या जागेवरून हात जोडले. कोणीतरी म्हणालं, "काय आश्रुबा, मातीलाबी येत न्हाई का आता?" तो म्हणाला, "पाटील म्हणले अटॅक, म्हंजे तो अटॅक न्हाई." तिरडीमागची माणसं हसली. त्यानं माझ्यावर एकदा विश्वास ठेवून पाहिला होता.

आंघोळी झाल्या, निंबाचा पाला चावून झाला. सूर्य मावळायच्या आधी भावकीतून कडू घासाच्या भाकरी आल्या. मेल्याच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारचे भाकरी आणि बिनफोडणीचं वरण आणतात, आणि सगळ्यांनी एकत्र बसून घास घ्यायचा. विष्णू खात नव्हता. दाजींनी भाकर कुस्करली, वरणात कालवली आणि स्वतःच्या हातानं त्याच्या तोंडात घास घातला. विष्णूनं तेच ताट त्यांच्याकडं सरकवलं. "तुम्हीबी घ्या, दादा." दाजींनी घेतला. मग एका तांब्यातून पाणी फिरलं. मला तो देखावा फार चांगला वाटला होता, हे लिहायला लाज वाटते. मला वाटलं, हे मी गावाला मिळवून दिलं. सरकारनं काढून घेतलेलं माणूसपण मी परत आणलं.

रोग हवेतून पसरतो असं नंतर वाचलं. आमच्याकडं तो माझ्या सांगण्यावरून पसरला. पंधरा दिवसांत विष्णूची आई गेली. खांदा देणाऱ्यांतले दोघं गेले. चहा आणून देणारी शेजारीण गेली. प्रत्येक वेळी घरचे माझ्याकडं यायचे आणि म्हणायचे, अटॅक. मी म्हणायचो, अटॅक. आता माझ्याकडं सगळे येत होते. मी कधी नव्हे इतका गावाचा झालो होतो.

दाजींना पाचव्या दिवशी ताप आला. आधी घरीच काढला. मग शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. स्वतःच्या पायांनी जिना चढून गेले. पहिले तीन दिवस कुसुमला फोन करायचे. तोंडाला नळी, तरी विचारायचे, दुकानातली सावंगीची मोटार नेली का. चौथ्या दिवशी फोन लागला नाही. सहाव्या दिवशी आम्हाला मागच्या दरवाजापाशी बोलावलं. पांढऱ्या प्लॅस्टिकात गुंडाळलेलं लांबट काहीतरी होतं, पट्ट्या मारलेल्या. कुसुम म्हणाली, तोंड दाखवा. ते म्हणाले, दाखवता येत नाही. ती म्हणाली, मंग हेच आहेत कशावरून? त्यांनी सहीसाठी कागद पुढं केला. गाडीच्या मागं ठेवलं तेव्हा वारा होता, आणि एका ठिकाणी पट्टी सुटली होती. भोकरदनच्या वेशीपर्यंत ते प्लॅस्टिक फडफडत होतं.

"चालत गेल्ते," कुसुम म्हणत राहिली. "जिना चढून गेल्ते. दवाखान्यानं मारलं त्यांना." बायांनी तिला आणखी पुरवलं. आत कोणती सुई देतात, काय काढून घेतात. दहाव्याला सगळे जमले होते. कुसुमनं सगळ्यांदेखत मला विचारलं, "दादा, तू सरकारचा माणूस. तू सांग, दवाखान्यात काय झालं?"

मी म्हणालो, "हलगर्जीपणा झाला."

मी दवाखान्याच्या आत गेलो नव्हतो. तिथल्या एका नर्सला मी बाहेरच्या जिन्यात बसलेलं पाहिलं होतं, हातमोजे काढल्यावर पांढरी, सुरकुतलेली बोटं एकमेकांत अडकवून. तरी मी म्हणालो. माझ्या तोंडून हे ऐकल्यावर कुसुमचा चेहरा जरा निवला. मला ते बरं वाटलं. तिला आधार दिल्यासारखं.

लस आली तेव्हा मी यादी घेऊन दारोदार फिरत होतो. माणसं म्हणायची, तुमची बहीणच घेत न्हाई, पाटील, आम्हाला काय सांगता. कुसुमनं घेतली नाही. तिच्या गल्लीतल्या बायांनी घेतली नाही. "माझा भाऊ पोलीस पाटील आहे, तोच म्हणला दवाखान्यात मारलं," ती सांगायची. माझं नाव पुरावा म्हणून वापरलं जात होतं आणि मी दुसऱ्या गल्लीत उभा राहून लोकांना सांगत होतो, घाबरू नका, सरकार चांगल्यासाठीच सांगतंय.

मी पुष्कळदा विचार करतो, सरकारनं दोन दिवस म्हणून सतरा दिवस ठेवलं नसतं तर. मग मी विचार करतो, मी म्हशीला पाणी पाजलं असतं तर. तालुक्याच्या खोट्यामागं लपून मी माझं खोटं बोललो. लोकांना सरकारचा भरवसा नव्हता, म्हणून त्यांना कोणीतरी भरवशाचं हवं होतं, आणि मी तिथं जाऊन बसलो. सरकार नुसतं बेभरवशाचं होतं. माझ्यावर लोकांनी जीव टाकला, आणि मी तो घेतला.

यंदा शिवरात्रीच्या सुमारास कुसुमच्या मुलीचा, पल्लवीचा, फोन आला. ती भोकरदनलाच कॉलेजात शिकते. "मामा, आईचा खोकला महिन्याचा झाला. संध्याकाळी अंग तापतं. ब्लाउज सगळे ढिले झालेत तिला. आशाताई तीनदा बेडका तपासायची डबी देऊन गेल्या. आई त्या डब्यांत बटणं ठेवते. तुम्ही सांगा तिला."

मी म्हणालो, येतो.

मी गेलो नाही. हरभरा काढायचा होता, मग गहू, मग मिरचीचे बेड. रोज काहीतरी होतं. कुसुम दवाखान्यात का जात नाही हे मला माहीत होतं आणि तिला न्यायचं तर काय सांगावं लागेल तेही माहीत होतं. पल्लवीचे फोन येत राहिले, मी येतो म्हणत राहिलो. चैत्र संपायला आला तेव्हा तिनं फोनवर सांगितलं, "मामा, आज रक्त पडलं." मग गेलो.

कुसुम मशीनवर बसली होती. दाजी गेल्यापासून ती ब्लाउज शिवते, त्यांच्याच दुकानाच्या गाळ्यात. भिंतीवर अजून तांब्याच्या तारेची रिळं टांगलेली आहेत. ती इतकी वाळली होती की मला आधी आमची आईच बसल्यासारखी वाटली.

"आलास का पाटील? दोन महिने झाले येतो येतो म्हणून. आमचं गाव काय दिल्लीला आहे?"

"कुसुम, दवाखान्यात चल."

"तेवढं सोडून बोल." तिनं पाय मशीनवर ठेवला. "तूच म्हणला ना हलगर्जीपणा झाला म्हणून."

"खोटं बोललो."

मशीन थांबलं. मी तिला सगळं सांगितलं. बापूंची चौकट, विष्णू, चहा, दाजींचा फोन. त्यांनी काय विचारलं आणि मी काय म्हणालो, शब्दाला शब्द. खिशातला रुमाल. ती सुईत अडकलेल्या कापडाकडं बघत ऐकत होती. पल्लवी दारात उभी होती. शेवटी मी म्हणालो, "दवाखान्यानं न्हाई मारलं. मी मारलं. त्यांना शुगर आहे हे माहीत असून मी या म्हणालो."

तिनं सुईखालचं कापड बोटानं सरळ केलं. मग तिला हसू आलं, आणि हसता हसता खोकला. पदर तोंडाला लावून वाकली. सावरल्यावर म्हणाली, "कोणी शिकवलं तुला हे? आशाबाईनं का ह्या पोरीनं?"

"कोणी न्हाई. आईची शपथ."

"खोट्यावर आईची शपथ नको घालू, दादा." तिनं माझ्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत इतकी माया होती की मी मान खाली घातली. "मीच त्यांना म्हणले, जा. ते नको म्हणून राह्यल्ते. मी म्हणले, सख्ख्या मामाच्या मातीला न जाऊन कसं चालंल, बायकांत मला तोंड न्हाई राह्यचं. पाच वर्षं झाली, कोणाला बोलले न्हाई. तुला समजलं असंल ते. म्हणून अंगावर घेऊन राह्यला ना?"

"कुसुम, त्यांनी मला फोन—"

"बस कर."

"तुझ्यामुळं न्हाई गेले ते. माझ्यामुळं—"

"बस कर म्हणले ना. लहानपणीबी माझ्या हातून दूध सांडलं की मी सांडलं म्हणायचास." तिनं मशीनवरचं कापड काढलं, घडी घातली. "येते मी दवाखान्यात. तू माझ्यासाठी एवढं खोटं बोललास, तर येते. त्यांच्यासाठी न्हाई, तुझ्यासाठी."

डबीतली बटणं तिनं मशीनच्या खणात ओतली.

क्षय निघाला. घरातल्या सगळ्यांची तपासणी करावी लागते, तशी पल्लवीची केली. तिलाही निघाला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, एवढा उशीर का केला? पल्लवीनं माझ्याकडं बघितलं. गोळ्या मिळतात, नेमानं घेतल्या तर बरं होतं, असं त्या म्हणाल्या. कुसुम मला म्हणाली, "ही म्हणते ते खरं का?" मी हो म्हणालो. तिनं डॉक्टरीणबाईंकडं बघून मान हलवली.

काल आम्ही तिघं गोळ्या आणायला गेलो होतो. बाकावर गर्दी होती. मी भिंतीला टेकून उभा होतो. कुसुमशेजारी खेड्यातली एक म्हातारी बसली होती, तिला तिच्या सुनेनं बळजबरीनं आणलं होतं आणि ती कुरकुर करत होती की इथल्या गोळ्या खाऊन माणूस खलास होतो. कुसुम तिच्याकडं सरकून हळू आवाजात म्हणाली, "मीबी येत न्हव्हते, आजी. ह्या माझ्या भावानं आणलं. पोलीस पाटील आहे. मला इथं आणायचं म्हणून काय बोलला माहीत आहे? तुझ्या मालकाला मीच मारलं म्हणला. शपथ घालून म्हणला. एवढा जीव कोण लावतं."

म्हातारीनं मान वर करून मला नीट बघून घेतलं. मग पदर आवरला, सुनेला पलीकडं सरकवलं आणि बाकावर हात ठेवून म्हणाली, "बस रे बाबा. असा भाऊ देवानं सगळ्यांना द्यावा."

मी बसलो.